बुटांवरचे मोजे
२००७ साल होतं, मी एकाहत्तर वर्षांचा, लेकाकडे राहायला गेलेलो. अमेरिकेतल्या लेकाच्या गावानं तेव्हाच्या बर्फाच्या वादळाचे फोटो जमवलेत. परवा एकात शेजारीण मार्था दिसली, बुटांवर लोकरीचे मोजे घातलेली, आणि ती दुपार आठवली.

पाऊस झाडांवरच गोठला होता, फांद्या काडकाड मोडत होत्या. वीज गेली, दोन महिन्यांची नात गारठली. तरी मी अडून बसलो, "परक्याच्या दारी जायचं नाही."

मार्था माझ्याच वयाची, एकटी. तिच्या घरी लाकडांची शेगडी पेटलेली. मोज्यांमुळे न घसरता ती आली, नातीला छातीशी धरलं नि म्हणाली, "बाबा, यू स्टे. बेबी कम्स!"

सून हसली. मी मागोमाग निघालो. असली खंबीर बाई पुन्हा पाहिली नाही. दुसऱ्या दिवशी उजाडताच मी बुटांवर मोजे चढवले आणि तिच्या दारात पडलेली फांदी करवतीनं कापून दिली.