हिरव्या केसांची भीती

माझ्या मुलीची शाळेची भीती मी स्वतः घालवली. त्यासाठी मला पहिलीच्या बाकावर पुन्हा बसावं लागलं, पण ते पुढे येईलच.

जुई आमची एकुलती एक. धायरीत आमच्या सोसायटीपासून तिची शाळा पायी पाच मिनिटांवर आहे, म्हणून आम्ही स्कूटरने जातो. जूनमध्ये ती उड्या मारत गेली. दिवाळीच्या सुट्टीनंतर मात्र रोज सकाळी बूट घालताना तिच्या पोटात दुखायला लागलं. फाटकाशी ती माझा शर्ट इतका घट्ट धरायची की वॉचमनकाकांना तिची बोटं एकेक करून सोडवावी लागत. परत येताना मलाच रडू यायचं. (हेल्मेट वापरण्याचे असेही फायदे आहेत!)

गंमत म्हणजे शनिवारी काही दुखायचं नाही. शनिवारी शाळा अर्धा वेळ. डबाबिबा काही नाही, कवायत आणि चित्रकला झाली की घरी. त्या दिवशी बाईसाहेब आमच्या आधी दारात उभ्या! आता मी पडलो आयटीतला माणूस. चार गोष्टी समोर आल्या की निष्कर्ष काढणं हा माझा धंदाच.

"हिला अभ्यासाची भीती वाटते," मी जाहीर केलं.

"पहिलीत कसला आलाय अभ्यास?" आई म्हणाली. आई म्हणजे माझी आई. जन्म सदाशिव पेठेतला आणि जीभही तिथलीच. "तू दहावीपर्यंत केला नाहीस, तेव्हा घाबरलो ते आम्ही. तू मजेत होतास."

माझी बायको मनीषा अमरावतीची. एरवी माझ्याहून शुद्ध बोलते, पण वैतागली की वऱ्हाडी बाहेर येते. "अरे बावा, तू काऊन ठरवून राहिला? तिले इचार ना!"

विचारलं की! जुईला मांडीवर घेतलं, आवाज मऊ केला. "बाळा, शाळेत कशाची भीती वाटते?"

"नाही सांगणार."

"का गं?"

"तसं बोलायचं नसतं."

माझ्या काळजाचं पाणी झालं. तसं बोलायचं नसतं? सहा वर्षांच्या पोरीला हे असलं शिकवलं कुणी? त्या नराधमाला शोधून काढायचाच, असा मी निश्चय केला. (तो सापडला. मी त्याला ओळखतो.)

तोवर घरात 'शूर सकाळ' सुरू केली. पालकांच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवरून उचललेली कल्पना. दारात उभं राहून छातीवर हात ठेवायचा, दीर्घ श्वास घ्यायचा आणि मोठ्याने म्हणायचं, "मी शूर आहे!" जुई पुटपुटायची, मी ओरडायचो. समोरच्या फ्लॅटमधल्या आजोबांनी एकदा दार उघडून विचारलं, "आपण रोज कुठल्या लढाईवर जाता?" मी त्यांच्याकडे दुर्लक्ष केलं. जुईच्या पोटात दुखतच राहिलं.

मी काय कमी करत होतो हो तिच्यासाठी? दिवाळीत फराळ अंमळ जास्त झाला, तेव्हापासून घरच्या आरोग्याची सूत्रं मी हाती घेतली होती. जुईचा डबा रोज पहाटे उठून मी करायचो. नाचणी, जवस, शेपू, सगळं पौष्टिक. आई म्हणे, मला दात नाहीत. मनीषा म्हणे, ऑफिसच्या कँटीनचं जेवण वाया जातं. पोरगी मात्र चकार शब्द न काढता डबा घेऊन जायची. पानात पडेल ते खायचं, अन्नाला नावं ठेवायची नाहीत, हे आमच्या घरचं पिढीजात वळण आहे. मला तिचा फार अभिमान वाटायचा.

शेवटी सदाशिव पेठेतल्या एका समुपदेशक बाईंकडे गेलो. मी त्यांना पहिल्यापासून सगळं सांगितलं.

"आपण जरा थांबाल का?" बाई म्हणाल्या. "मला मुलीशी बोलायचंय."

"तिच्याच वतीने बोलतोय मी."

"हो, ते लक्षात आलं."

त्यांनी जुईपुढे कागद आणि खडू ठेवले. सांगायचं नसेल तर नको सांगूस, भीती कशी दिसते ते नुसतं काढ, म्हणाल्या. जुईने क्षणाचाही विचार न करता एक मोठा गोल काढला. तो तपकिरी रंगाने भरला. वर हिरवे, ताठ उभे केस. मग कागद पालथा घातला.

"उद्यापरवा तिच्या कलाने सांगेल ती," बाई मला म्हणाल्या. "आपण अर्थ लावत बसू नका."

स्कूटर पार्किंगमधून बाहेर काढेपर्यंत माझा अर्थ लावून झाला नव्हता, हे मात्र कबूल करतो. घरी आईने चित्र लांब धरून पाहिलं आणि म्हणाली, "नारळ आहे. फोडा आणि सुटा."

दुसऱ्या दिवशी शाळेच्या फाटकाशी मला साक्षात्कार झाला. जुईच्या वर्गशिक्षिका साठेबाई स्कूटरवरून उतरत होत्या. अंगाने चांगल्या भरलेल्या. उन्हासाठी घातलेला कोट तपकिरी. आणि डोक्याला गच्च गुंडाळलेला स्कार्फ? हिरवागार!

मी धावलो. "बाई, मला आपल्याशी ताबडतोब बोलायचंय!"

"मधल्या सुट्टीत या," स्कार्फच्या आतून आवाज आला.

मधल्या सुट्टीत गेलो. मुलं डबे उघडून बसली होती. मी चित्र टेबलावर ठेवलं आणि म्हणालो, "माझी मुलगी ज्या व्यक्तीला घाबरते, तिचं हे चित्र आहे. मी नाव घेत नाही."

बाईंनी चष्मा लावला. "ही मी?"

"मी नाव घेतलेलं नाही."

"इतकी गोल?"

"प्रश्न गोलपणाचा नाही..."

"आणि केस हिरवे?"

"तो स्कार्फ."

बाईंनी माझ्याकडे नीट पाहिलं. "आपण काय करता?"

"आयटीत आहे."

"तरीच. जुई, इकडे ये बाळा. हे कोण आहे गं?"

जुईने माझ्याकडे पाहिलं, बाईंकडे पाहिलं, आणि एकदम तिचे डोळे भरून आले. ती जागेवरून डबा घेऊन आली आणि उघडून चित्राशेजारी ठेवला. आत मी पहाटे केलेले नाचणी-जवसाचे वडे होते. गोल, तपकिरी. प्रत्येकावर मी हौसेने शेपूच्या काड्या उभ्या खोचल्या होत्या.

वर्गात कुणीतरी फिस्सकन हसलं.

"आमच्याकडे डबा संपवल्याशिवाय खेळायला जायचं नाही, असा नियम आहे," बाई हळू म्हणाल्या. "बाकीची मुलं मैदानावर पळतात. ही घंटा होईपर्यंत एकटी बसून पाण्याबरोबर एकेक घास गिळते. मला वाटलं, घरी काही ताण आहे. विचारलं तर बोलतही नाही."

मला फार फार वाईट वाटलं. "जुई, अगं मला का नाही सांगितलंस?"

"अन्नाला नावं ठेवायची नसतात," ती हुंदका देत म्हणाली. "तूच म्हणतोस."

"आपण चव घेतलीय का याची कधी?" बाईंनी विचारलं.

"माझा सकाळचा उपवास असतो. बारापर्यंत. वजनासाठी."

"आज लवकर सोडा," बाई म्हणाल्या आणि जुईच्या बाकाकडे बोट दाखवलं. "या वर्गात डबा टाकत नाहीत."

बसलो. गुडघे कानाला लागले. पहिला घास घेतला आणि तो तोंडात फुगतच गेला. खाली जाईना, बाहेर काढायची सोय नाही, आणि सगळी पहिली माझ्याभोवती गोळा झालेली! जुईने डोळे पुसले आणि माझ्या पाठीवर हात ठेवला.

"बाबा, दीर्घ श्वास घे. मी शूर आहे म्हण. आणि मग पाणी पी, जातं ते."

दुसऱ्या दिवशी मनीषाने डब्यात तूप-साखरेची पोळी दिली. जुई बूट घालून, दप्तर पाठीला लावून कधीची दारात उभी. "बाबा, चल ना! उशीर होतोय!"

मी पांघरुणाबाहेर आलो नाही. "आज आईबरोबर जा गं. माझ्या पोटात दुखतंय."

"जुई," माझी आई स्वयंपाकघरातून म्हणाली, "जायच्या आधी बाबाला कागद आणि खडू देऊन जा."