अनुसयाचा बॅनर

"पोरीचा फोटो नको. निस्ता बापाचा टाका. हात जोडलेला."

गिऱ्हाईक काउंटरवर कोपर टेकून बोलून राहिलं होतं. उदगीरला फ्लेक्सच्या दुकानात मी कॉम्प्युटरवर बसते. वाढदिवस, निवडणूक, भावपूर्ण श्रद्धांजली, सगळं मीच बनवते. माणूस मेला की सांच्यापर्यंत चौकात त्याचा बॅनर लागला पायजे, खाली शोकाकुल म्हणून अख्ख्या भावकीचे फोटो. न्हाई लागला तर मेलेल्याची इज्जत जाते, असं हाय आमच्याकडं.

हा बॅनर ज्याचा, त्यानं आधी पोरीला मारून टाकलं होतं आन् मग स्वतः जीव दिला. देवणीकडचं प्रकरण. पोरगी पंचविशीची. बोलता यायचं न्हाई, हातपाय आखडलेले.

मी विचारलं, "पोरीचं नाव काय?"

गिऱ्हाईक म्हणजे तिचा सख्खा चुलता, उदगीरच्याच बाजारातला आडत दुकानवाला. तो म्हणला, "मुकीच म्हणायचो बगा सगळे. नाव घेऊन काय करता? तुमी 'कर्तव्यदक्ष पिता' लिहा. लई केलं बिचाऱ्यानं तिचं." मग त्याची नजर माझ्या कुबडीवर गेली. आवाज मऊ झाला. "तुमाला तर कळंलच की ताई. असल्या जिवाचं काय असतंय? सुटली."

मला कळंल म्हणे! त्या मऊ आवाजाची मला लई चीड हाय.

दोन वर्षांची असताना मला पोलिओ झाला. तवापासून हेच ऐकून राहिले. लग्नात, बारशात, आत्या-मावश्या आईला म्हणायच्या, "तुज्या आधी हिला देवानं न्यावं बाई." माझ्या समोर. माझ्याच ताटात भाकर वाढता वाढता. पाय अधू म्हणजे कानबी अधू वाटायचे का काय. आई डोळ्याला पदर लावून मान हलवायची. आईचा जीव होता माझ्यावर, खोटं कशाला बोलू. म्हणून तर जास्त भ्या वाटायचं. ताप आला की तिनं दिलेल्या औषधाचा मी आधी वास घेऊन बघायची. हे आजवर कुणाला सांगितलं न्हाई.

आन् पोरीचं नाव मला ठाऊक होतं. चुलत्यानं मोबाईलवर बाप-लेकीचा फोटो धाडला तवाच मी तिला ओळखलं होतं. मागं लातूरला सरकारी दवाखान्यात अपंगाच्या प्रमाणपत्रासाठी गेले, तर रांगेत ती माझ्या शेजारी होती. तिनं माझी ओढणी ओढली, हात पुढं केला. हातावर हिरवं गोंदण. अनुसया. खाली गावाचं नाव. बाप सांगून राहिला होता, "तिच्या आईनं जत्रंत गोंदून घेतलं. पोर हरवली तर कुणीतरी घरी आणून सोडील म्हणून." अनुसयानं गोंदणावर बोट ठेवलं, मग ते बोट मला टोचलं. तुझं काय? मी पेनानं तळहातावर माझं नाव लिहिलं. तर ही हसली, हसली, लाळ गळेपर्यंत हसली. बापानं गमछ्यानं तिचं तोंड पुसलं. हे पण मी बघितलंय.

घरातच काही झालं तर पोरीनं कुठं जायचं, ते तिच्या आईला सुचलं नसंल.

मी माऊस सोडला. "हे मी बनवणार न्हाई."

"का ओ?"

"सुटली न्हाई ती. मारलंय तिला."

दुकानाचे मालक आतून आले. आम्ही त्यांना चाचा म्हणतो. "बेटा, धंदा हाय. लोक सांगतेत ते छापायचं."

"तुमी छापा चाचा. माझा हात लागणार न्हाई."

चुलता तणतणत समोरच्या फ्लेक्सवाल्याकडं गेला. सांच्याला चौकात बाप उभा, हात जोडून. कर्तव्यदक्ष पिता. खाली पूर्ण भावकी शोकाकुल. चहाच्या गाड्यावर लोक म्हणून राहिले, "काय करील बिचारा, कवापर्यंत करील." पोरीसाठी कुणी च्च पण केलं न्हाई.

दुसऱ्या दिवशी मी माझ्या मनानं एक बॅनर केला. काळ्यावर पांढरी अक्षरं. अनुसया. हिला हिच्या बापानं मारलं. ही सुटली न्हाई. चाचांनी स्क्रीनवर वाचलं. "खाली दुकानाचं नाव टाकू नको," एवढंच बोलले आन् मशीन चालू केली.

सकाळी चौकात बांधला, दुपारी गायब. परत छापला, परत बांधला. त्या वेळी चुलत्यानं माझ्या समोरच दोरी कापली.

घरी भावापर्यंत गेलंच. जेवताना म्हणला, "तू कशाला मधी पडतेस? त्या बापाचंबी समजून घ्यायला पायजे."

"हाव दादा. उद्या तुला माझा कंटाळा आला तर तुझंबी लोक समजून घेतील."

 दादा ताट सारून उठला. त्यानंतर कुणी जेवलं न्हाई नीट.

मी दमलेय. हात दुखतेत, बगला सोलल्यात कुबडीनं. एका नावासाठी एवढं भांडायचं म्हणजे जीव आंबून जातो. गप बसावं असं रोज वाटतं. मग ते हिरवं गोंदण आठवतं, आन् औषधाचा वास.

तिसरा बॅनर लहान काढला. माझ्या तीन चाकी स्कूटीच्या पाठीमागं तारेनं आवळलाय. दुकानाला जाताना, बाजारात, बँकेत, चुलत्याच्या आडत दुकानासमोरून, तो माझ्यासंगं फिरतो. काल चुलत्यानं हात आडवा केला, "काढ ते."

मी गाडी बंद केली न्हाई. म्हणलं, "हिचं नाव घे. मग बोलू."

त्यानं घेतलं न्हाई. मी गाडी पुढं घेतली. आज परत त्याच रस्त्यानं जाणार हाय.