दुकानातलं पदक

"गॅसच्या बिलाखाली सरकवलास ना तो कागद? सरळ सांग."

"गॅसच्या नाही, विम्याच्या कागदांखाली," आई म्हणाली. "आणि चष्मा लावून सही करायला तुला कुणी बंदी घातली नव्हती."

"पंचावन्न वर्षं संसार केला आणि ही बाई माझीच सही चोरते!" बाबा म्हणाले.

"चोरली नाही. तूच दिलीस. वर चहासुद्धा मागितलास."

शनिवारची दुपार होती. आईच्या स्वयंपाकघरात आम्ही चौघं बसलो होतो. आई, बाबा, मी आणि माझा नवरा गॅरी. टेबलावर चहाची किटली आणि लोण्याची बशी यांच्यामध्ये एक छोटी पुठ्ठ्याची डबी उघडी पडली होती. आत सायप्रसमध्ये नोकरी केलेल्या ब्रिटिश सैनिकांना मिळणारं पदक होतं. खरं, सरकारी, आणि कडेवर बाबांचं नाव आणि लष्करातला नंबर कोरलेलं. सक्तीच्या लष्करी नोकरीत असताना बाबा तिथे काही महिने होते. हे पदक त्यांना केव्हाच मिळायला हवं होतं, पण त्यांनी कधी मागितलं नाही. आता आईने त्या कागदावर बाबांची सही घेऊन गॅरीच्या मदतीने परस्पर अर्ज केला आणि गुरुवारी ते टपालाने आलं.

दुसऱ्या दिवशी नोव्हेंबरातला स्मृतिदिनाचा रविवार होता. चर्चच्या हॉलपासून युद्धस्मारकापर्यंत माजी सैनिकांचं संचलन निघणार होतं.

बाबांकडे एक पदक आधीपासून होतं. ते त्यांनी वर्तमानपत्रातली जाहिरात बघून विकत घेतलं होतं. 'राष्ट्रीय सेवेच्या स्मरणार्थ' असं त्यावर लिहिलंय. सरकारशी त्याचा काही संबंध नाही. पैसे भरा आणि छातीवर लावा. आमच्या गावातल्या बोल्स क्लबात चार म्हातारे होते, चौघांचीही तरुणपणातली दोन-दोन वर्षं लष्करात गेलेली. हिरवळीवर लाकडी चेंडू घरंगळवताना त्यांचं ठरलं की घ्यायचं तर चौघांनी, लावायचं तर चौघांनी. त्यातले दोघं पुढे वारले. त्यांच्या शवपेटीवर फुलांशेजारी ते पदक ठेवलं होतं. तेव्हा कुणी त्याला खोटं म्हटलं नाही. आता उरले दोघं, बाबा आणि नेविल ग्रिमशॉ.

गेल्या वर्षी संचलनाची व्यवस्था बघायला नवीन मार्शल आला, थ्रेलफॉल नावाचा. लष्करातून निवृत्त झालेला आणि आवाज खालच्या पट्टीत ठेवून बोलणारा. हॉलमध्ये रांग लागत होती तेव्हा त्याने बाबांना आणि नेविलला बाजूला घेतलं. दुकानातली पदकं चालणार नाहीत, ती काढा नाहीतर फुटपाथवरून बघा, असं म्हणाला. आई सॉसेज रोलचं ताट धरून पाच हातांवर उभी होती. तिला सगळं ऐकू आलं, आणि तिच्या शेजारच्या बायकांनाही. बाबांनी पदक काढून खिशात टाकलं आणि ते चालले. नेविलने काढलं नाही. तो औषधाच्या दुकानासमोर फुटपाथवर उभा राहिला. रांग समोरून गेली तेव्हा बाबांनी मान वळवली नाही.

तेव्हापासून आईच्या डोक्यात हे सरकारी पदक होतं.

"उद्या हे लावायचं आणि ताठ मानेनं चालायचं," ती म्हणाली. "त्या थ्रेलफॉलच्या नाकासमोरून. मला परत ते ताट धरून जमिनीकडे बघत उभं राहायचं नाहीये."

"आणि दुसरं?"

"दुसरं खणात. दोन्ही एकत्र लावता येत नाहीत, गॅरीने विचारलंय."

"गॅरीने विचारलंय!" बाबा माझ्या नवऱ्याकडे वळले. "तुला कुणी वकील नेमलं रे?"

गॅरी इतका वेळ बिस्किट चहात बुडवत होता. तो लष्करात असताना इराकच्या युद्धात बसऱ्याला होता. त्याची पदकं आमच्या कपाटात मोज्यांच्या खणात असतात आणि वर्षातून एकदाच बाहेर येतात.

"सिरिल, राग मानू नका," तो म्हणाला. "माझ्या तुकडीतली दोन पोरं परत आली नाहीत. त्यांच्या आयांना पदकं घरी आणून दिली. त्या बायका उद्या तिथे उभ्या असतील, गेलेल्याचं लावतात तसं पोराचं पदक उजव्या बाजूला लावून. त्यांच्यासमोरून जाहिरातीतलं पदक मिरवत जायचं, हे मला पटत नाही. मी मार्शल असतो तर मीही तेच सांगितलं असतं."

आईने उगाच किटली गरम ठेवणारी लोकरी टोपी नीट केली.

"बरोबर आहे तुझं," बाबा म्हणाले. "त्या पोरांसाठी मी दोन मिनिटं गप्प उभा राहतोच. टोपी काढून. पण मला एक सांग, मी सायप्रसमध्ये काय केलं, माहितीये तुला?"

"तुम्ही कधी सांगितलंच नाही."

"सांगण्यासारखं नाही म्हणून. मी पाण्याची टाकी राखली. कुणी ती न्यायला आलं नाही. नेविल त्याच दोन वर्षांत यॉर्कशरच्या पावसात, छावणीत बटाटे सोलत होता. फरक फक्त उन्हाचा. मला पदक, कारण मी भाजलो. त्याला नाही, कारण तो भिजला."

"मग त्यात माझा काय दोष?" आई म्हणाली. "नेविलला मी भिजवलं का?"

"नेविल सुताराकडे शिकाऊ होता. हात असा होता त्याचा, की मालकाने त्याला आपलं दुकान द्यायचं कबूल केलं होतं. सक्तीचं बोलावणं आलं. दोन वर्षांनी परत येऊन बघतो तर त्याच्या जागी दुसरा. मग जन्मभर गिरणीत गठ्ठे बांधले त्याने. बोलावताना 'येता का' असं कुणी विचारलं नव्हतं आम्हाला."

"पण बाबा," मी म्हटलं, "खरं पदक लावलंत म्हणून नेविलचं काही कमी होतं का?"

"होतं, बेव. मी रांगेत आणि तो औषधाच्या दुकानासमोर. गेल्या वर्षी झालं ना? मी लाजेने पदक काढलं, आणि त्याने काढलं नाही. नंतर क्लबात तो मला काय म्हणाला माहितीये? 'छान चाललास सिरिल, पाऊल चुकलं नाही.' टोमणा असता तर बरं झालं असतं. पण तो मनापासून म्हणाला."

आईचा आवाज खाली आला. "मग हे मी काय करू? परत पाठवू?"

बाबांनी डबीतलं पदक उचललं, कडेवरचा नंबर अंगठ्याने चाचपला आणि न बघता तोंडपाठ म्हणून दाखवला. मग पदक परत ठेवून डबी आईपुढे सरकवली.

"तू ठेव. मी गेल्यावर उजवीकडे लाव. त्या हिरव्या कोटावर शोभेल."

"मेला माणूस बायकोच्या कोटाचा रंग ठरवणार," आई म्हणाली, पण डबी तिने जवळ घेतली.

बाबा उठून पुढच्या खोलीत गेले. फोनवर मोठमोठ्याने बोलल्याचा आवाज आला, कारण नेविलला ऐकू कमी येतं. "बूट पॉलिश कर. हो, तेच लाव. डावीकडे, नेविल, डावीकडे! मी दहाला येतो." मग ते परत आले. हातात निळा कोट होता. त्यावर युद्धातल्या मृतांच्या आठवणीसाठी लावतात ते पॉपीचं लाल कागदी फूल आणि त्याच्याखाली दुकानातलं पदक लावलेलं होतं. गॅरी ते बघून खिडकीबाहेर पाहू लागला.

"आणि थ्रेलफॉलने अडवलं तर?" आईने विचारलं.

बाबांनी कोट खुर्चीच्या पाठीवर अडकवला.

"उद्या मी आणि नेविल रांगेत चालणार. दोघांच्याही छातीवर हेच. काढा म्हणाला तर काढणार नाही, फुटपाथवर जा म्हणाला तर जाणार नाही. जेवण दीडला. नेविल जेवायला इथेच आहे. बटाटे जास्त टाक."