आत्याबाईंची काडी

आत्याबाईंच्या अंबाड्यात नेहमी खराट्याची एक काडी खोचलेली असायची. हळद शिजवायच्या दिवसांत त्या ती काडी उपसायच्या, वाफाळलेलं हळकुंड पदरात धरून टोचायच्या, आणि आरपार गेली की म्हणायच्या, "बंद करा." मग बॉयलरवाल्याला वाफ बंद करावीच लागे.

तो एकदा म्हणाला, "आत्याबाई, माझ्या बॉयलरला वाफ मोजायचा काटा हाय की. काडी काहून लागते?"

"तुझ्या काट्यानं कधी हळद पाहिली का?" आत्याबाई म्हणाल्या.

त्या माझ्या सासऱ्यांची बहीण. लग्नानंतर लवकरच माहेरी परत आल्या आणि आमच्याच घरी राहिल्या. मी लग्न होऊन आले तेव्हा चार माणसांत माझ्या तोंडून शब्द फुटत नसे. बांगड्या भरताना कासार मला विचारी, "दुखतं का?" उत्तर आत्याबाई देत, "दुखून राहिलं तिला, मोठी घाल." घरी आल्यावर मला म्हणत, "देवानं तुला तोंड नुसतं जेवायला दिलं का गं?"

मग एका हंगामात त्या पिवळ्या दिसू लागल्या. कुणाला काही वाटलं नाही. त्या दिवसांत आमच्याकडे सगळंच पिवळं असतं. हात, पाय, भाकरी, कुत्र्याचं शेपूटसुद्धा. त्यांचं जेवण कमी झालं, पाठ दुखू लागली. पोती ओढली म्हणून दुखते, असं त्याच म्हणाल्या. एकदा त्यांचे केस विंचरताना मला आरशात त्यांचे डोळे दिसले. पांढरा भाग पिवळा झाला होता. हळद डोळ्यात कशी चढेल, असं मनात आलं. पण ओसरीवर पुरुष बसले होते. मी बोलले नाही. पुढे पंधरा दिवस बोलले नाही.

पाठदुखी सोसेना तेव्हा त्यांना नांदेडला नेलं. तिथल्या डॉक्टरांनी लिव्हरचा कॅन्सर सांगितला. तो मणक्यापर्यंत गेला होता. घरच्यांनी ठरवलं, त्यांना कावीळच सांगायची.

तिसऱ्या दिवशी आत्याबाईंनी मला जवळ बसवलं. "तुला बोलताच येत न्हाई, तर खोटं कुठून येईल? सांग, काडी आरपार गेली का?"

मी मान हलवली. मग रडत रडत आरशातल्या डोळ्यांचंही सांगून टाकलं.

त्यांनी पदरानं माझे डोळे पुसले. "येडी हाईस. पंधरा दिवसानं काय होणार होतं? ते आतून कवाचं शिजून राहिलं होतं. पण आता दुसऱ्या कुणाचे डोळे असे दिसले तर गप बसू नको."

आमची हळद अजून शिजायची होती. त्यांनी आपली बाज वावरात न्यायला लावली. पाठ टेकवत नव्हती, म्हणून कुशीवर पडून वाफेचा वास घेत राहिल्या. काडी माझ्या हातात दिली. मी टोचली, आरपार गेली.

"बंद करा," मी म्हणाले.

"हळदीलाबी आयकू गेलं न्हाई," बाजेवरून आवाज आला.

मग मी ओरडले. बॉयलरवाला दचकला, वाफ बंद झाली, आणि आत्याबाई इतक्या हसल्या की पाठ धरून कण्हू लागल्या. "हसवू नको गं, मणके दुखतेत," म्हणाल्या आणि परत हसल्या.

आषाढात त्या गेल्या. त्यांची काडी आता माझ्या अंबाड्यात असते.

यंदा हळद वेचायला आलेल्या बायांत शेजारच्यांची सून होती. चहाचा कप देताना तिचे डोळे दिसले, तसेच पिवळे. बाजूला तिचा नवरा, माझे दीर, बॉयलरवाला, सगळे बसले होते.

"हिला आजच दवाखान्यात न्या," मी म्हणाले.

"हळदीचं असंल, वहिनी," दीर म्हणाले.

"हळद डोळ्यात चढत न्हाई!"

आवाज बॉयलरच्याही वर गेला. तिला त्याच दुपारी जीपमध्ये बसवलं. साधी कावीळ निघाली, महिन्यात बरी झाली.

बॉयलरवाल्याने मात्र माझा आवाज ऐकताच घाईघाईने वाफ बंद केली होती. मी काडी टोचून पाहिली. हळद अजून कच्ची होती.