प्रत्यक्ष वेळ

ताईला कामावर सगळे मिनिटबाई म्हणायचे, आणि तिच्या तोंडावर म्हणायचे. तिला त्याचं काही वाटत नसे. बावीस वर्षं ती एकच काम करत होती. औषध माणसाच्या अंगात शिरलं की किती चढतं, किती वेळ टिकतं आणि कधी उतरतं हे मोजायला रक्त लागतं, ते रक्त काढायचं. मोजणारी यंत्रं वरच्या मजल्यावर, आणि त्यांच्यापुढे बसणारी शिकलेली माणसंही वर. खाली एका लांबलचक खोलीत चोवीस खाटा, त्यांवर औषधाच्या चाचणीसाठी आलेली चोवीस धडधाकट माणसं, आणि भिंतींवर चार घड्याळं. चारही सेकंदाला सेकंद जुळवलेली.

काम ऐकायला सोपं. पहिल्या खाटेवरच्याला नऊ वाजता गोळी, दुसऱ्याला नऊ वाजून दोन मिनिटांनी, तिसऱ्याला चार मिनिटांनी. मग प्रत्येकाचं रक्त पाव तासानं, अर्ध्या तासानं, पाऊण तासानं, तासानं, असं दिवसभर. गोळी गिळली रे गिळली की ताई टॉर्च घेऊन समोर उभी. "आ करा. जीभ वर. आता हात दाखवा, बोटं पसरून." एखादा वयस्कर माणूस वैतागायचा. "बाई, मी काय चोर आहे का?" ताईचं उत्तर ठरलेलं असायचं. "चोर नाही हो. माणूस आहात."

कागदावर दोन रकाने असत. ठरलेली वेळ आणि प्रत्यक्ष वेळ. आळशी माणूस काय करतो, तर पहिल्या रकान्यातला आकडा डोळे झाकून दुसऱ्यात उतरवतो. शीर शोधण्यात चार मिनिटं गेलेली असोत की दहा, कागदावर मात्र सगळं कसं वेळच्या वेळी. ताईला याची भयंकर चीड. एका नव्या मुलीला तिनं याच कारणावरून रडवलं होतं, आणि रडून झाल्यावर तिच्याच हातानं चुकीची वेळ एका रेघेनं खोडून, खरी लिहून, खाली सही करायला लावली होती.

आता अशी बाई घरी किती कडक असेल, याचा अंदाज कोणीही बांधेल. आणि तिथंच फसेल.

घरात तिघं. बाबा, ताई आणि तिचा धाकटा भाऊ. आई जाऊन बरीच वर्षं झालेली. ताईचं लग्न राहून गेलं ते राहूनच गेलं, भावाचं झालं आणि मोडलं. भावाचं चष्म्याचं दुकान होतं. सहा वर्षांपूर्वी त्याच्या दोन्ही किडन्या गेल्या, तेव्हा बाबांनी आपली एक काढून दिली. वय चौसष्ट, डॉक्टर का-कू करत होते, पण म्हातारा ऐकतोय कसला. वर पुन्हा ऐट अशी की विचारू नका. "जुन्या काळचा माल आहे," म्हणायचे. "याला काही होत नाही."

पण दुसऱ्याची किडनी शरीर सुखासुखी ठेवून घेत नाही, हाकलायला बघतं. ते होऊ नये म्हणून सकाळी आठला आणि रात्री आठला गोळी, तीही जन्मभर. गोळीचं प्रमाण जास्त झालं तर तीच किडनीला बाधते, कमी पडलं तर शरीर किडनीवर उठतं. म्हणून महिन्यातून एकदा रक्तातलं औषध मोजायचं, तेही सकाळची गोळी घ्यायच्या आधी, म्हणजे रात्रीची पुरती उतरलेली असते आणि तळाचा आकडा कळतो. सात-आठ आला की डॉक्टर खूश. हे रक्त ताई घरीच काढायची, साडेसातला, स्वयंपाकघरातल्या टेबलावर, आणि कामावर जाताना लॅबमध्ये देऊन जायची.

त्या महिन्यात आकडा पंधरा आला.

संध्याकाळी तिनं भावाला विचारलं, "सकाळी रक्त द्यायच्या आधी गोळी घेतली होतीस का रे?"

"छे, वेडी आहेस का? इतक्या वर्षांत कधी घेतलीय?"

झालं. मिनिटबाईंची चौकशी संपली. चोवीस परक्या माणसांच्या जिभेखाली रोज टॉर्च मारणारी बाई, आणि पाठच्या भावाला दुसरा प्रश्न नाही. लहानपणी याला न्हाऊमाखू घातलेलं तिनं, याच्यावर काय टॉर्च मारायचा? डॉक्टरांनी विचारलं, गोळी घेतल्यावर हात थरथरतात का? भाऊ म्हणाला, फार. ते खरंच होतं, आणि आकडाही तेच सांगत होता. डॉक्टरांनी डोस निम्म्यावर आणला.

पुढच्या महिन्यात आकडा दोन आला, आणि किडनीचा रिपोर्ट असा बिघडला की डॉक्टरांनी त्याच दिवशी फोन केला.

ताई रिपोर्ट हातात धरून वरच्या मजल्याच्या जिन्यात बसली. तिला वरच्या यंत्रांचं ज्ञान नव्हतं, पण हजारो माणसांची औषधं चढताना-उतरताना बघितली होती. डोस निम्मा केला तर पंधराचे सात व्हावेत, फार तर सहा. दोन होत नाहीत. दोन होतात ते गोळी पोटात जातच नसेल तर. आणि मग मागचे पंधरा? ते कुठून आले हेही तिला दिसलं.

रजा टाकून ती भर दुपारी दुकानात गेली. गिऱ्हाईक नव्हतं. भाऊ एका चष्म्याच्या दांडीत स्क्रू बसवत होता, आणि त्याचा हात अगदी स्थिर होता.

"कधीपासून बंद केल्यास?" तिनं विचारलं.

त्यानं आधी स्क्रू पूर्ण पिळला, चष्मा फडक्यावर ठेवला. "तीन महिने. आधी फक्त सकाळची सोडायचो. ताई, गोळी घेतली की दोन तास हा एवढासा स्क्रू धरता येत नाही. खाली पडतो, मी गुडघ्यांवर बसून शोधतो, आणि समोर गिऱ्हाईक बघत असतं. मग एक दिवस एकजण म्हणाला, राहू द्या, मी दुसरीकडे करून घेतो. सकाळची सोडली आणि हात थांबले. मग वाटलं, रात्रीची तरी कशाला?"

"आणि रक्ताच्या दिवशी?"

"तुला कळेल म्हणून घाबरलो. मागच्या महिन्यात सहाला उठून दोन एकदम घेतल्या. आकडा फारच चढला, म्हणून या वेळी फक्त आदल्या रात्रीची घेतली."

ताईला इतका संताप आला की त्याच्या एक थोबाडीत ठेवून द्यावी. हात थरथरतात हे मला आधीच का नाही सांगितलंस, गोळी बदलून मिळते, वेगळ्या औषधावर ठेवतात, तुझी बहीण आयुष्यभर याच धंद्यात आहे, एवढं ती घडाघडा बोलली. तो खाली मान घालून ऐकत राहिला. शेवटी म्हणाला, "बाबांना सांगू नकोस. त्यांनी दिलेली घालवली मी." आणि चष्म्याच्या काचा पुसायच्या फडक्यातच तोंड खुपसून रडायला लागला. तिनं दुकानाचं दार लोटून घेतलं आणि त्याच्या डोक्यावर हात ठेवून उभी राहिली.

तीन आठवडे दवाखान्यात जोरदार औषधं झाली. उपयोग झाला नाही. बाबांची किडनी गेली.

डॉक्टरांनी तिघांनाही समोर बसवलं. आता डायलिसिस, आठवड्यातून तीनदा. दुसऱ्या किडनीसाठी यादीत नाव घालता येईल, म्हणाले, आणि एक छापील अर्ज पुढे ओढला. लिहिता लिहिता एका ओळीवर थांबले. रुग्ण औषधं नियमित घेतो का?

"मला इथं खरं लिहावं लागतं," डॉक्टर म्हणाले. "गोळ्या चुकवणाऱ्याचं नाव यादी ठरवणारी समिती घेत नाही. एक किडनी वाया गेली, दुसरी कोण देणार? आणि हे आकडे मला बरोबर दिसत नाहीत. पंधरावरून दोन?"

भाऊ जमिनीकडे बघत होता. बाबा डॉक्टरांकडे.

ताई म्हणाली, "चूक माझी आहे. पंधरा आला ते रक्त गोळीनंतरचं होतं. त्या दिवशी मला उशीर झाला होता, ट्यूब घरात नव्हत्या. यानं आठला गोळी घेतली, मी साडेनऊला रक्त काढलं. आणि कागदावर नेहमीची वेळ टाकली, साडेसात."

"म्हणजे?"

"म्हणजे खरा तळ चार-पाचच असणार. तुम्ही डोस निम्मा केलात, त्याचे दोन झाले. हिशेब बसतो बघा."

हिशेब बसत होता. तिनं रात्र-रात्र जागून बसवलेला होता. डॉक्टरांनी दोन्ही रिपोर्ट पुन्हा बघितले.

"तुम्ही याच कामात आहात ना?"

"बावीस वर्षं."

"आणि तरीही?"

"हो. तरीही."

त्यांनी त्या ओळीपुढे 'हो' लिहिलं. भावानं मान वर केली नाही. ताईला वाटलं होतं तो काहीतरी बोलेल, निदान 'ताई' एवढं तरी म्हणेल. मग तिनं स्वतःलाच दटावलं, की बोलला तर सगळंच मुसळ केरात. गप्प बसला तेच बरं.

घरी येईपर्यंत बाबा एक अक्षर बोलले नाहीत. दुसऱ्या दिवशीही नाही. ताईनं वाढलेलं जेवले, ताट उचलून ठेवलं, आपल्या खोलीत गेले. आठवडा असाच गेला. त्यांच्या पाठीत कमरेवर शस्त्रक्रियेचा लांब व्रण होता. आंघोळ करून बाहेर आले की तो दिसायचा, आणि ताई तिथून निघून जायची. दोनदा तिच्या अगदी ओठांवर आलं होतं. मग तो छापील अर्ज आठवायचा, आणि तोंडातलं तोंडात राहायचं.

सोमवारी डायलिसिसच्या आधीचं रक्त द्यायचं होतं. सकाळी ताईनं टेबलावर सुई, ट्यूब, कापूस मांडला. भाऊ येऊन बसला, बाही वर केली. ती दंडाला पट्टा बांधत होती तेवढ्यात बाबा दारात आले.

"थांब," ते म्हणाले. कितीतरी दिवसांनी तिच्याशी बोललेला हा पहिला शब्द. आवाज चढलेला नव्हता, उलट ते अगदी समजुतीनं बोलत होते. "आता याचं रक्त तू काढत जाऊ नकोस. तुझ्याकडून होत नाही, तर राहू दे. बाहेर कोणाकडून तरी काढून घेऊ."

ताईनं भावाकडे बघितलं. त्यानंही तिच्याकडे बघितलं, क्षणभर. मग त्यानं स्वतःच दंडाचा पट्टा सोडला.

"बाबा म्हणताहेत तर तसंच करू, ताई," तो म्हणाला, आणि बाही खाली घेतली.