वारा वळायची वाट बघणाऱ्या वन्सं

ऑफिसात टेबलावरचा फोन वाजला तेव्हा मला वाटलं, वन्संचाच असणार. माझ्या थोरल्या नणंदेचा, सुधावन्संचा, होळीच्या सुमारास रोज सकाळी फोन यायचा आणि तो उचलायच्या आधीच मी तोंड वाकडं करायची. मधे काही दिवस तो बंद झाला होता. मनात म्हटलं, झालं पुन्हा सुरू! पण फोनवर त्यांच्या घाटकोपरच्या शेजारीणबाई होत्या. "शुभाताई, लगेच या. सुधाताई गच्चीवरून उतरताना जिन्यात बसल्या, त्या उठल्याच नाहीत..." डॉक्टर हृदयाचं म्हणाले. दिवसकार्य होऊनही आता काही आठवडे झाले. रडून झालं, भेटायला येणारे येऊन गेले. पण फोन उचलताना वाकडं केलेलं ते तोंड काही माझा पिच्छा सोडत नाही.

वन्संनी लग्न केलं नाही. एका कंपनीत त्या टेलिफोन ऑपरेटर होत्या, आणि घाटकोपरच्या दोन खोल्यांत माझं लग्न झाल्यापासून आम्ही सगळे एकत्रच होतो. सकाळचा चहा त्या गच्चीवर उभ्या राहून घ्यायच्या. तिथून लांब दक्षिणेला माहुलच्या रिफायनरीच्या धुराड्यावरची ज्योत दिसायची. जगाला ती म्हणजे धूर आणि वास; वन्संना ती वारा सांगायची. सकाळी वारा जमिनीकडून येतो तेव्हा ज्योत समुद्राच्या बाजूला झुकलेली असते, आणि दुपारी समुद्राचा वारा सुटला की ती वळून खाडीकडे झुकते. हा वारा वेळेवर वळला तर दिवस बरा. उशीर झाला की मार्च महिन्यातही अंगाची लाही लाही. आणि गॅसचा वास थेट आमच्या घरात आला की समजायचं, दक्षिणेचा वारा आहे, ढग येणार. वन्सं शुद्ध पुस्तकी बोलायच्या, पण वारा वळला की त्यांच्यातली मालवणी उसळून यायची. सुट्टीच्या दिवशी गच्चीवरून जिन्यात हाक मारायच्या, "शुभा, फिरलो गो वारो!" जणू कुणी पाहुणाच आलाय.

बिल्डिंगमधल्या बायका कुरडया-पापड घालायच्या आधी वन्संना विचारायच्या. एका चैत्रात आकाश लख्ख निळं असताना वन्सं म्हणाल्या, आज काही घालू नका. सगळ्यांनी ऐकलं, मी ऐकलं नाही. दुपारी टपोऱ्या थेंबांची सर आली आणि माझ्या सांडग्यांचा चिखल झाला. वन्सं पदर खोचून माझ्याबरोबर ताटं उचलत होत्या. खरं सांगते, त्या चिडल्या असत्या तर मला बरं वाटलं असतं. बरोबर ठरणाऱ्या माणसाबरोबर एका स्वयंपाकघरात राहणं सोपं नसतं हो.

पुढे पुढे त्या काळजीने बोलायला लागल्या. "आम्ही लहान होतो तेव्हा होळीपर्यंत गोधडी लागायची. आता संक्रांत झाली की पंखा. वारासुद्धा आळशी झालाय, दरवर्षी उशिरा वळतो." आमचे हे थट्टा करायचे, "ताई, आपण म्हातारे झालो, वारा नाही." त्यावर त्या हसायच्या नाहीत. समोरच्या टेकडीवरची झाडं जाऊन तिथे इमारतींचे सांगाडे उभे राहिले होते, तिकडे हात करायच्या. "हे सगळं तापतं रे अरुण. तुझी मीनू मोठी होईल तेव्हा तिला वसंत म्हणजे काय ते पुस्तकात वाचावं लागेल." ही सुरुवात झाली की मी हळूच आत सटकायची.

मग आम्हाला दिंडोशीला नव्या वसाहतीत घर मिळालं. निघायच्या आठवड्यात मी म्हटलं, "वन्सं, तुम्हीही चला ना." त्या हसून म्हणाल्या, "नको गं. तिथून मला माहुल कुठे दिसणार?" मी "बरं" म्हटलं. एवढंच. आमच्याकडे पहिल्या 'नको'ला कुणी विचारत नाही. पानावर हात आडवा धरला तरी आणखी एक वडा पडतोच, आणि पाहुण्याला थांबायचा आग्रह केल्याशिवाय तो थांबत नाही, मनात कितीही असलं तरी. हे काय मला माहीत नव्हतं? पण मला माझं स्वतःचं स्वयंपाकघर हवं होतं. तो पहिला 'नको' मी पटकन उचलला आणि पदरात बांधला. ह्यांना सांगितलं, ताई नाहीच म्हणतात.

तेव्हापासून उन्हाळा लागला की शेजाऱ्यांकडून त्यांचा फोन. "आज वारा उशिरा वळणार, मीनूला टोपी दे. पाणी दे बरोबर." साहेब समोर बसलेले, फायली पडलेल्या. यंदा एके दिवशी माझा तोल गेला. "वन्सं, तुमच्या ज्योतीचं हवामान इकडे दिंडोशीला चालत नाही!" त्या म्हणाल्या, "हो, तेही खरंच." आणि फोन बंद झाले ते तेव्हापासून. मी मनात म्हटलं, सुटले.

परवा रविवारी टीव्हीचं चित्र हलत होतं म्हणून अँटेना फिरवायला मी गच्चीवर गेले. दांडीला वर कापडाची एक अरुंद पट्टी बांधलेली. पिवळसर, बारीक लाल काठाची. हे पातळ मी ओळखते, शेकडो वेळा दोरीवर वाळत घातलंय. माझ्यामागून शेजारच्या कदमकाकू पापडाचं ताट घेऊन आल्या होत्या. त्यांच्याकडे गच्चीची किल्ली असते. मी विचारलं तर अवघडल्या. "तुमच्या नणंदबाई आल्या होत्या ना मागे. दुपारी, तुम्ही दोघं कामावर असताना. मी म्हटलं, संध्याकाळपर्यंत थांबा, तर नको म्हणाल्या. मला म्हणाल्या, शुभाला सांगू नका, उगाच तिला वाटेल मी मागे लागलेय. तिने सांगितलं इथलं हवामान वेगळं आहे, ते बघायला आले."

"मग?"

"किती वेळ उन्हात उभ्या होत्या. मी म्हटलं, खाली सावलीत तरी बसा. तर म्हणतात कशा, वारा वळू दे. आणि ती पट्टी वळली ना, तशा लहान मुलीसारख्या हसल्या हो! म्हणाल्या, आमच्या घाटकोपरपेक्षा इथे आधी येतो वारा. इथे माहुल नसलं तरी माझं अडणार नाही."

कदमकाकू पापड मांडायला लागल्या. त्या अजून काही बोलत होत्या, मला ऐकू येत नव्हतं. टोमणा मारला होता मी, आणि वन्संनी तो हवामानाची अडचण समजून सोडवून टाकला होता. त्यांचा 'नको' त्यांनी स्वतःच येऊन खोडला होता आणि घरी जाऊन वाट बघत बसल्या होत्या, मी पुन्हा एकदा "चला ना" म्हणेन म्हणून.

अँटेना मी फिरवली नाही. चित्र हलतं ते हलू दे, असं ह्यांना सांगितलंय. कारण विचारलं त्यांनी. ते अजून मला सांगता आलेलं नाही.