डोक्यांचा तक्ता

माझ्या मूर्खपणाचे बहुतेक किस्से मी स्वतःच तिखटमीठ लावून सांगतो. दुसऱ्या कुणी सांगण्याआधी आपण सांगितलेले बरे. हा एक मात्र इतकी वर्षं दाबून ठेवला, कारण यातलं हसण्यासारखं सगळं माझ्या वाट्याचं असलं तरी भोगायची पाळी दुसऱ्याच्या पोरीवर येणार होती.

भोपाळच्या मोठ्या सरकारी कारखान्यात मी इन्स्पेक्टर होतो. पोलिसातला नव्हे, मापांचा. कामगारानं लेथवर घडवलेला नग माझ्या टेबलावर यायचा. ड्रॉइंगप्रमाणे भरला तर शिक्का, नाही तर परत. दिवसभर लोकांच्या कामात खोट काढायचाच पगार मिळत असेल तर माणसाचा स्वभाव काय होणार? घरी मी पोळीचाही व्यास डोळ्यांनी मोजायचो. बायको ग्वाल्हेरची. ती म्हणायची, "घरात आलात की ती नजर चपलांजवळ काढून ठेवत जा."

टाउनशिपातल्या आमच्या मराठी मंडळाचा उन्हाळ्याची सुट्टी संपता संपता मेळावा व्हायचा. मुलांची नाटुकली, साबुदाण्याची खिचडी, आणि दोहोंच्या मध्ये एखाद्या जाणत्या सभासदाचं भाषण. आदल्या वर्षी अकाउंट्समधल्या एका गृहस्थांनी जुनी नाणी दाखवून टाळ्या मिळवल्या होत्या, आणि तेव्हापासून मला चैन नव्हती.

वाचनालयात एका मासिकात लेख सापडला. परदेशात जुळ्या भावंडांच्या मेंदूची चित्रं यंत्रानं काढून शेजारी शेजारी ठेवतात म्हणे. मेंदूचा आकार, त्याच्या निरनिराळ्या भागांची लहानमोठी घडण, यात आईबापांकडून आलेल्या वारशाचा मोठा हात असतो. काही जुळ्यांचे मेंदू तर एका साच्यातून काढल्यासारखे दिसतात. साचा म्हटल्यावर मी ताठ बसलो. साचा हा माझा प्रांत. पानाच्या तळाशी पोचेपर्यंत माझं भाषण तयार झालं होतं, त्यामुळे पान उलटायची गरज पडली नाही.

मेंदूची चित्रं काढणारं यंत्र काही माझ्याकडे नव्हतं. कॅलिपर होता. अशोका गार्डन भागातल्या भंगारवाल्याकडून घेतलेला, चिमट्यासारख्या दोन वाकड्या पायांचा. गोल वस्तूची जाडी त्यानं बाहेरून मोजतात. मेंदू आत, डोकं बाहेर. पातेल्यावरून आतलं दूध किती ते कळतंच की, असा माझा हिशेब.

पंधरा दिवस रोज संध्याकाळी मी ब्लॉकमधल्या मराठी घरांतून फिरलो. कानांच्या वर रुंदी, कपाळापासून मागे लांबी. माणसं स्टुलावर बसून डोळे मिटत. एका आजोबांनी टोपी काढायला साफ नकार दिला, म्हणून मी टोपीची जाडी वजा केली. अंबाडे, वेण्या, तेल थापलेले केस, या सगळ्यांवरून घसरणाऱ्या कॅलिपरनं मी मिलिमीटरच्या दशांशापर्यंत आकडे लिहिले. दशांश चिन्ह दिसलं की लोक वाद घालत नाहीत, हा कारखान्यातला अनुभव.

मग मोठ्या ड्रॉइंग शीटवर तक्ता आखला. बाप, आई, मुलं, आणि शेवटी एक रकाना: शेरा. तो रकाना नसता तर आज मान इतकी खाली घालून लिहावं लागलं नसतं.

आमच्या खालच्या क्वार्टरात अमरावतीकडचा एक टर्नर, म्हणजे लेथ चालवणारा, राहायचा. कारखान्यात माझ्याच शॉपमधला, त्याचे नग माझ्याच टेबलावर यायचे. त्याची थोरली मुलगी नुकतीच दहावी झाली होती, गणितात शाळेत पहिली. तक्त्यात तिचं डोकं तिच्या वयाच्या साऱ्या मुलांत लहान भरलं होतं, तिच्या आईच्या मापाच्या जवळपास. शेरा लिहिला, "आईचा साचा. लहान." भाषणात तिथं छडी टेकवून मी म्हणालो, "आता ही बघा. बापाचं डोकं मिळालं असतं तर इंजिनियर झाली असती. मिळालंय आईचं. तेव्हा पोळ्या मात्र गोल येतील."

सगळे हसले. मुलगी पहिल्याच रांगेत होती. तीही हसली, म्हणजे दात दिसले. नाण्यांपेक्षा जास्त टाळ्या पडल्या, हे घरी पोचेपर्यंत मी बायकोला तीनदा सांगितलं.

चार दिवसांनी टर्नर शॉपमध्ये माझ्या टेबलाशी आला. "साहेब, बरं झालं तुम्ही सांगितलं. पोरीनं इंजिनियरिंगचं खूळ घेतलं होतं, अकरावीले गणितच पाहिजे म्हणे. आता गृहविज्ञान लिहून देतो. बारावी झाली का मंडीदीपच्या कारखान्यात कुठं पॅकिंगमध्ये लागन. शनिवारी फॉर्म द्याचा हाय."

इथं मी त्याला थांबवायला हवं होतं. मी पेन खिशाला लावलं आणि म्हणालो, "तरी एकदा विचार कर." हे वाक्य मोठी माणसं होकार देताना वापरतात.

"तुम्ही मोजलं नं," तो म्हणाला. "आता काय विचार."

आपल्या शब्दावर कुणी आपल्या पोरीचं आयुष्य ठरवतोय, याची भीती वाटायला हवी होती. मला बरं वाटलं. त्या दुपारी कँटीनमध्ये मी एक समोसा जास्त खाल्ला.

गुरुवारी संध्याकाळी ती मुलगी आमच्या दारात उभी. हातात वाचनालयाचा शिक्का असलेलं तेच मासिक.

"काका, पुढचं पान वाचलं होतं का?"

"कुठलं पुढचं?"

तिनं पान उलटून माझ्यासमोर धरलं. वारसा असतो, हे खरंच होतं. पण तो एका साच्यातून येत नाही. आईकडून आणि बापाकडून आलेले असंख्य बारीक फरक, एकेकाचा परिणाम जेमतेम केसाएवढा, सगळे मिळून मेंदूच्या घडणीला वळण लावतात, आणि प्रत्येक मुलात त्यांची वाटणी नव्यानं होते. मेंदूवरच्या वळ्या तर जुळ्यांच्यासुद्धा हुबेहूब नसतात. आणि शेवटी होतं की हे सगळं पुष्कळ माणसं एकत्र घेऊन केलेलं बोलणं आहे. एखाद्या मुलाच्या डोक्याच्या मापावरून त्याला काय जमेल याबद्दल काहीही सांगता येत नाही. "काहीही"च्या खाली तिनं पेन्सिलीनं रेघ मारली होती. वाचनालयाच्या मासिकावर रेघ मारली म्हणून रागवायला मी तोंड उघडलं, आणि विचारलं भलतंच.

"बाबांना दाखवलं हे?"

"दाखवलं. म्हणाले, छापणाऱ्यानं तुझं डोकं पाह्यलं का? साहेबांनी पाह्यलं."

"मग?"

"मग तुम्हीच सांगा ना, काका. दुसऱ्या कुणाचं ऐकणार नाहीत ते."

ती रडली असती तर मला सोपं गेलं असतं. डोक्यावरून हात फिरवून मोठेपणा घेता आला असता. ती नुसती उभी होती. मी म्हणालो, "उद्या बघू." आतून बायको म्हणाली, "उद्या कशाला? पंधरा दिवस रोज जात होतात की घरोघर."

खाली गेलो. टर्नरनं खुर्ची पुसून दिली. मुलगी भिंतीशी उभी राहिली.

"अरे, त्या तक्त्याचं मनावर घेऊ नकोस," मी म्हणालो. "गंमत होती ती."

"साहेब, तुमचं मन मोठं हाय. पोरगी आली असन तुमच्याकडं. पण माप ते माप."

"केसांमुळे चुकलं असेल."

"केस तं साऱ्यांचेच होते नं."

"हे बघ, तो लेख मी अर्धाच वाचला होता."

"अर्धा तं वाचला. आम्ही तेवढाबी नाही."

आता सांगण्यासारखी एकच गोष्ट उरली, आणि ती मी इथवर तुमच्यापासूनही लपवली. त्या तक्त्यात माझीही ओळ होती. माझं माप बायकोनं घेतलं. दोनदा घेतलं, कारण पहिल्यांदा मी तिचीच चूक काढली. दोन्ही वेळा ते या मुलीच्या मापाहून कमी आलं. मंडळापुढं मेंदूवर बोलणाऱ्याचं डोकं शाळकरी पोरीहून लहान? मी आकडा वाढवून लिहिला. थोडाथोडका नाही, ब्लॉकमध्ये दुसरा आलो. पहिला येणं बरं दिसलं नसतं.

"तक्त्यातला माझा आकडा खोटा आहे," मी म्हणालो. "खरा तुझ्या मुलीहून कमी होता. मी बदलून लिहिला."

टर्नरनं माझ्याकडे पाहिलं. मग जरा वर, माझ्या डोक्याकडे.

"तुम्ही?" तो म्हणाला. "तुम्ही आकडा बदलला?"

आवाज चढवला नाही त्यानं. कारखान्यात यासाठी माणसाची चौकशी लागते, हे दोघांनाही ठाऊक होतं.

स्वयंपाकघराच्या दारातून त्याची बायको बोलली. "भाऊजी, आठ दिवस झाले. भाजीत मीठ जास्त पडलं तरी या घरात माझ्या डोक्याचा साचा निघते. सासूबाईले अमरावतीले तसं पत्रबी गेलं."

"वहिनी," मी म्हणालो, आणि हात जोडले.

"वहिनी काय," ती म्हणाली. "त्या दिवशी टाळ्या म्याबी वाजवल्या."

हे ऐकल्यावर मला खरोखरच खुर्चीखाली शिरावंसं वाटलं. मी आयुष्यात बायकांच्या शिव्या खाल्ल्यात, त्या पचतात. ही शिवी नव्हती.

मुलीनं फॉर्म आणून बापासमोर ठेवला. त्यानं शाईनं लिहिलेलं "गृहविज्ञान" एका आडव्या रेघेनं कापलं, वर "गणित" लिहिलं, आणि कापलेल्या जागी बारीक सही केली, शॉपच्या कागदांवर दुरुस्तीला करतात तशी. मग खाली पूर्ण सही. मुलगी फॉर्म घेऊन लगेच आत गेली. बाप मन बदलेल या भीतीनं असेल, किंवा माझं तोंड बघायचं नसेल.

मी उठलो. टर्नर रिवाजाप्रमाणे जिन्यापर्यंत आला.

"साहेब, एक विचारू?"

"विचार की."

"मागच्या महिन्यात माझे तीन नग तुम्ही परत धाडले होते. माप कमी हाय म्हणून." तो खालच्या पायरीकडे बघत राहिला. "काही नाही. असंच."

ते तीन नग खरोखरच कमी भरले होते. प्रत्येक मी नीट मोजला होता, चांगल्या मायक्रोमीटरनं, दोन दोनदा. हे तिथंच सांगायला हवं होतं. पण माझ्या तोंडून निघालेला आकडा त्यानं आता का खरा मानावा, याचं एकही कारण मला सुचेना. मी "येतो" म्हणालो आणि जिना चढायला लागलो. तो खाली तसाच उभा होता.